पापणीची शस्त्रक्रिया : हौस कोणती, गरज कोणती?

"डोळे मोठे दिसतील", "वय दहा वर्षांनी कमी वाटेल", "तासाभरात घरी जा" अशा जाहिराती आता मोबाईलमधून वस्तीतल्या प्रत्येक घरात पोहोचल्या आहेत. त्यामुळे आरोग्य शिबिरात बसल्यावर आम्हाला नवे प्रश्न येऊ लागले आहेत. लग्नाच्या वयाची मुलगी हळूच विचारते, "ताई, पापणीचं ऑपरेशन हप्त्यावर होतं का?" त्याच रांगेत मागे बसलेली आजी मान उंच करून, भुवया ताणून आमच्याकडे पाहत असते. तिची पापणी डोळ्यावर उतरलेली असते. विचारले तर म्हणते, "आता या वयात कशाला ते नटणं?" आणि एखाद्या आईच्या कडेवर असे मूल असते की ज्याचा एक डोळा जन्मापासून अर्धाच उघडतो. घरचे म्हणतात, "मोठा झाला की सुटेल आपोआप."

या तिघांपैकी मुलीला शस्त्रक्रियेची गरज नसते आणि ती कर्ज काढायला निघालेली असते. आजीला गरज असते आणि ती त्याला नटणे समजून गप्प बसते. मुलाला तर लवकर गरज असते आणि त्याचीच वेळ निघून जात असते. म्हणून पापणीची शस्त्रक्रिया म्हणजे काय, ती कोणाला लागते, कोणाला नाही आणि करायचीच असेल तर काय पाहावे, हे सगळ्यांनी नीट समजून घेऊ या. इथे पापणी म्हणजे पापणीचे केस नव्हेत. डोळ्याला झाकणारी वरची आणि खालची कातडी, असा अर्थ घ्यावा.

पापणीचे काम काय?

पापणी म्हणजे डोळ्याचे दार आणि डोळ्याचे फडके, दोन्ही. प्रत्येक उघडझापीबरोबर ती अश्रूंचा पातळ थर बुबुळावरून फिरवते. त्यामुळे डोळा ओला आणि स्वच्छ राहतो. झोपेत पापणी पूर्ण मिटली नाही तर बुबुळ कोरडे पडते, त्यावर जखम होते आणि जखम चिघळली तर नजर जाते. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पापणीच्या शस्त्रक्रियेतील बरेच धोके इथूनच सुरू होतात.

शरीरातील सर्वांत पातळ कातडी पापणीवर असते. वरच्या पापणीच्या आत ती उचलणारा एक स्नायू असतो. त्याशिवाय डोळ्याच्या खोबणीत चरबीची मऊ गादी असते आणि एक पातळ पडदा तिला मागे धरून ठेवतो. वय वाढले की कातडी सैल होते, पडदा ढिला पडतो, चरबी पुढे येते. वर कातडीची घडी लोंबते आणि खाली पिशव्या दिसतात. हा आजार नाही. वयाची खूण आहे. काही घराण्यांत ती तिशीतच दिसू लागते.

पापणी उतरलेली दिसते, पण कारणे वेगळी

बाहेरून सगळे डोळे सारखेच "झोपाळू" दिसतात. कारण मात्र एक नसते आणि कारण बदलले की उपचारही बदलतो.

१. जादा कातडी : पापणीची कड जागेवर असते, पण वरची सैल कातडी तिच्यावर लोंबते. बहुधा दोन्ही डोळ्यांना असते. यासाठी जादा कातडी काढण्याची शस्त्रक्रिया असते. जाहिरातीतली शस्त्रक्रिया बहुतेक वेळा हीच.

२. कमकुवत स्नायू : पापणीची कडच खाली आलेली असते आणि बुबुळ झाकते. इथे नुसती कातडी कापून उपयोग नाही. उचलणारा स्नायू घट्ट करावा लागतो किंवा पापणी कपाळाच्या स्नायूला जोडावी लागते. ही शस्त्रक्रिया वेगळी आणि अधिक कौशल्याची आहे.

३. खाली आलेली भुवई : कधी पापणी बरी असते, भुवईच उतरलेली असते. तिथे पापणीची कातडी कापली तर भुवई आणखी खाली ओढली जाते.

४. दुसरा आजार : मज्जातंतूचा, स्नायूचा, थायरॉईडचा किंवा मूत्रपिंडाचा. इथे पापणी फक्त खबर देत असते. शस्त्रक्रिया करणे म्हणजे घंटा वाजते म्हणून घंटाच काढून टाकणे.

म्हणून जो कोणी चेहरा पाहताक्षणी "करून टाकू" म्हणेल, त्याच्याकडून उठून यावे.

लहान मुलाची पापणी : वाट पाहू नका

जन्मतःच एका किंवा दोन्ही डोळ्यांची पापणी उतरलेली असेल तर बहुधा उचलणाऱ्या स्नायूची वाढ नीट झालेली नसते. यात कोणाचा दोष नाही. ग्रहणाचा नाही, आईने गरोदरपणी काही चिरले-शिवले त्याचाही नाही.

पाहायला डोळा शिकतो तसा मेंदूही शिकतो. पहिल्या सात-आठ वर्षांत हे शिक्षण होते. पापणीने बुबुळ झाकले असेल तर त्या डोळ्याचे चित्र मेंदूकडे जात नाही आणि मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. असे मूल मोठे झाल्यावर पापणी उचलून दिली तरी हरवलेली नजर सहसा परत येत नाही. शस्त्रक्रियेने फक्त दिसणे सुधारते, पाहणे नाही.

बुबुळ झाकले गेले असेल तर डॉक्टर लवकर, अगदी बाळवयातही शस्त्रक्रिया सुचवतात. झाकले नसेल तर बहुधा तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान करतात. तोपर्यंत नजर तपासत राहणे, चष्मा लावणे, चांगल्या डोळ्यावर ठरावीक तास पट्टी लावणे असे उपचार चालतात. पापणी थोडीच उतरलेली असली तरी डोळ्याचा नंबर वाकडा होऊ शकतो, म्हणून तपासणी चुकवू नये.

ओळखायचे कसे? मूल हनुवटी वर करून पाहते का? एक भुवई सतत ताणलेली असते का? चांगला डोळा झाकला की रडते, हात बाजूला करते का? असे दिसले तर थेट नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येते. त्या दिवशी मूल गैरहजर ठेवू नका आणि "याचा डोळा पाहा" असे सेविकेला किंवा मास्तरांना आधीच सांगून ठेवा. आणि त्या मुलाला "चकण्या", "झोप्या" म्हणणे बंद करा. शाळा सोडायला मुलांना तेवढेही पुरते.

ही लक्षणे दिसली तर ताबडतोब दवाखाना

पापणीचा विषय निघालाच आहे तर हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवून ठेवावे :

• पापणी अचानक उतरली, सोबत एकाचे दोन दिसतात, डोके फुटेल असे दुखते, डोळ्याची बाहुली मोठी झाली आहे : मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा असू शकतो. त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

• चेहरा एका बाजूला वाकडा, हात लुळा, बोलणे अडखळते : पक्षाघात समजून लगेच १०८ ला फोन करावा.

• रात्री जमिनीवर झोपलेले माणूस पहाटे पोटदुखीने उठते, पापण्या जड होतात, गिळता-बोलता येत नाही : मण्यार चावलेली असू शकते. मण्यारीचा दंश दुखत नाही आणि खूणही दिसत नाही. झाडपाला, मांत्रिक यात वेळ घालवू नये. सर्पदंशावरची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात लगेच न्यावे. उशीर झाला तर श्वास बंद पडतो.

• सकाळी पापणी ठीक, संध्याकाळी उतरलेली, विश्रांतीनंतर पुन्हा बरी : स्नायू थकवणारा एक आजार असू शकतो. त्यावर औषध आहे.

• लहान मुलाचे डोळे रोज सकाळी सुजलेले, लघवी कमी किंवा फेसाळ : मूत्रपिंडाचा आजार असू शकतो. लघवीची साधी तपासणी करून घ्यावी.

• पापणीवर न दुखणारे पिवळे चट्टे : रक्तातील चरबी तपासावी.

शस्त्रक्रियेत काय करतात?

आता केवळ दिसण्यासाठी किंवा जादा कातडीसाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेकडे वळू या.

वरच्या पापणीसाठी डॉक्टर आधी रुग्णाला बसवून पेनाने खुणा करतात, कारण आडवे झाले की कातडी सरकते. मग पापणीत भुलीचे इंजेक्शन देतात. पापणीच्या नैसर्गिक घडीतच छेद घेऊन मोजून कातडी काढतात, गरज असेल तर थोडी चरबी काढतात आणि बारीक टाके घालतात. व्रण घडीत लपतो. खालच्या पापणीत केसांच्या अगदी खालून किंवा पापणीच्या आतल्या बाजूने छेद घेऊन चरबी काढतात किंवा सरकवून बसवतात. एक-दोन तासांचे काम असते. मोठ्या माणसाला बहुधा पूर्ण भूल लागत नाही, लहान मुलांना लागते. टाके साधारण पाच ते सात दिवसांत काढतात. सूज आणि निळेपणा एक-दोन आठवडे राहतो. डोळ्याचे खरे रूप दिसायला काही महिने जातात.

पूर्व आशियात, म्हणजे जपान, कोरिया, चीनमध्ये वरच्या पापणीला घडी पाडण्याची शस्त्रक्रिया फार होते. तिथे अनेकांच्या पापणीला जन्मतः घडी नसते. जपानमध्ये अशी शस्त्रक्रिया १८९६ साली प्रथम नोंदवली गेली. बिनघडीची पापणी हा आजार नाही, तो चेहऱ्याचा एक प्रकार आहे. तरीही "मोठा डोळा म्हणजे सुंदर डोळा" या समजुतीने लाखो निरोगी पापण्यांवर सुरी चालली. जाहिरात आधी कमीपणा विकते, मग उपाय विकते. आपल्याकडे गोरेपणाच्या मलमांनी हेच केले.

या शस्त्रक्रियेने काय होत नाही?

डोळ्यांखालची काळी वर्तुळे जात नाहीत. ती बहुधा कातडीच्या रंगाने, अपुऱ्या झोपेने, डोळे चोळण्याने, घराण्याच्या ठेवणीने असतात. पंडुरोग असेल तर चेहराच निस्तेज दिसतो, तेव्हा आधी हिमोग्लोबिन तपासावे. डोळ्याच्या कडेच्या बारीक सुरकुत्या जात नाहीत. चष्म्याचा नंबर उतरत नाही, मोतीबिंदू जात नाही. परिणाम कायमचा नसतो, वय पुढे चालतच राहते. आणि सासरचे लोक, नोकरी, नवऱ्याचे वागणे यांतले काहीही पापणी कापून बदलत नाही.

धोके कोणते?

चांगल्या हातांत ही शस्त्रक्रिया बहुधा सुरळीत होते, पण ती शस्त्रक्रियाच आहे.

कातडी जास्त कापली गेली तर डोळा पूर्ण मिटत नाही. भुवई आणि पापणीच्या केसांमध्ये साधारण दोन सेंटीमीटर कातडी शिल्लक ठेवावी असा नियम आहे, तो याचसाठी. काढलेली कातडी परत लावणे अवघड असते. खालची पापणी बाहेर वळू शकते आणि मग डोळ्यातून सतत पाणी गळते. डोळे कोरडे पडणे, दोन डोळे सारखे न दिसणे, जंतुसंसर्ग, व्रण काळा पडणे हेही होऊ शकते.

सर्वांत भयंकर धोका म्हणजे डोळ्यामागे रक्तस्राव. साधारण दोन हजारांत एकाला होतो आणि नजर कायमची जाणे त्याहूनही विरळ आहे. पण तो झाला तर हातात फार थोडे तास असतात. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवसात डोळा प्रचंड दुखू लागला, दगडासारखा टणक होऊन पुढे आला, दिसणे कमी झाले तर सकाळची वाट पाहू नये. रात्री दोन वाजताही डॉक्टरांना गाठावे, ते मिळाले नाहीत तर सरळ मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. म्हणून शस्त्रक्रियेआधीच विचारावे, "रात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा?" उत्तर नीट मिळाले नाही तर तिथे शस्त्रक्रिया करू नये.

कोणी थांबावे?

रक्तदाब, मधुमेह ताब्यात नसेल तर आधी तो ताब्यात आणावा. थायरॉईडमुळे डोळे पुढे आले असतील तर आजार काही महिने स्थिर होईपर्यंत थांबावे. डोळे कोरडे असतील तर आधी अश्रूंची तपासणी करावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगावे, पण त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, हृदयविकार असलेल्याच्या जिवावर बेतू शकते. बाजारातल्या दुखऱ्या गोळ्या, काढे, चूर्ण घेत असाल तर तेही लपवू नका. विडी, तंबाखू, गुटखा आणि मिश्रीसुद्धा जखम भरू देत नाहीत. आपल्या बायका मिश्रीला तंबाखू धरत नाहीत आणि डॉक्टरांना "काही व्यसन नाही" म्हणतात. मिश्री तंबाखूचीच असते.

कोणाकडे जावे, काय विचारावे?

पापणीची शस्त्रक्रिया नेत्रशल्यचिकित्सकाने, त्यातही पापण्यांचे खास प्रशिक्षण घेतलेल्याने, किंवा प्लास्टिक सर्जनने करावी. ब्युटी पार्लरला असा कोणताही अधिकार नाही. "सुई नाही, टाका नाही" म्हणून पापणी भाजून आकसवणारी यंत्रे आणि पार्लरमधली इंजेक्शने डोळ्याजवळ येऊ देऊ नका. सुरकुत्यांचे इंजेक्शन चुकीच्या जागी गेले तर पापणीच काही आठवडे उतरते.

हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत :

१. माझी पापणी कशामुळे उतरली आहे?
२. नजरेची, अश्रूंची आणि बाजूचे किती दिसते याची तपासणी केली का?
३. शस्त्रक्रिया कोण करणार? त्यांचा महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक काय?
४. शस्त्रक्रिया केली नाही तर माझे काय बिघडेल?
५. सगळा मिळून खर्च किती? दुरुस्ती करावी लागली तर तो खर्च कोणाचा?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर "काही बिघडणार नाही" असे आले तर ती हौस आहे. हौस करू नये असे आम्ही म्हणत नाही. आपले पैसे, आपला चेहरा. पण हौसेसाठी सावकार किंवा हप्ता नको.

संमतीपत्र मराठीत मागावे, वाचून घ्यावे, मगच सही करावी. कोऱ्या कागदावर कधीही सही करू नये. समजावून दिलेली संमती हाच खरा होकार, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले आहे. आपले कागदपत्र मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवेत. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे १९९५ पासून ठरलेले आहे. म्हणून प्रत्येक पावती जपून ठेवावी.

खर्च आणि हक्क

खासगीत हा खर्च दहा-वीस हजारांत भागत नाही, कित्येकदा लाखाच्या घरात जातो. त्यात बुडालेली मजुरी धरावी. धुणीभांडी किंवा बांधकामावर जाणाऱ्या बाईला किमान दोन आठवडे कामावर जाता येत नाही, कारण वाकणे, ओझे, धूळ, धूर सगळेच बंद असते.

केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया सरकारी योजनेत बसत नाही. पण पापणीमुळे दिसत नसेल तर गोष्ट वेगळी. पापणी चिकटपट्टीने उचलून आणि न उचलता अशी दोनदा नजरेच्या घेराची तपासणी केली की फरक कागदावर येतो. तो कागद महत्त्वाचा. मुंबईत जे. जे., केईएम, पुण्यात ससून अशा सरकारी-महापालिका रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. तिथे केसपेपर काढावा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला विचारावे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटावे. हे उपकार नाहीत, हक्क आहे. आवाज न चढवता, पण मान खाली न घालता मागावा.

शस्त्रक्रियेनंतर

पहिले दोन दिवस स्वच्छ कापडात बर्फ गुंडाळून हलकेच शेकावे. दोन उशा घेऊन डोके उंच ठेवून झोपावे. दिलेले मलम आणि थेंब वेळेवर घालावेत. काजळ, सुरमा, मध, आईचे दूध, तुपाचा बोळा असले काहीही डोळ्याला लावू नये. चूल फुंकू नये, पाण्याचा हंडा उचलू नये, डोळे चोळू नयेत. बाहेर जाताना काळा चष्मा लावावा. पू, ताप, वाढते दुखणे किंवा अंधुक दिसणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दाखवावे.

घरचा अभ्यास

आज रात्री जेवणानंतर घरातल्या प्रत्येकाला उजेडात समोर बसवा. एकेक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला सांगा. जे मूल वाचायला शिकलेले नाही त्याला चित्र विचारा. आजीच्या पापण्या बोटाने अलगद वर उचला आणि विचारा, "आता जास्त दिसतं का?" ती हो म्हणाली, तर तिच्यासाठी हे नटणे नाही, उपचार आहे. येत्या आठवड्यात कोणीतरी एक दिवस काढा आणि तिला नेत्रविभागात घेऊन जा. घरात जन्मापासून उतरलेल्या पापणीचे मूल असेल, तर आधी त्याचा केसपेपर काढा.